फळीभोवती कोण बसले?

चार्ल्स डिकन्सची 'ऑलिव्हर ट्विस्ट' ही कादंबरी १८३७ पासून मासिकातून क्रमशः येऊ लागली. तिच्या दुसऱ्या प्रकरणात नऊ वर्षांच्या अनाथ ऑलिव्हरला एका मोठ्या खोलीत आणतात आणि बोर्डाला नमस्कार करायला सांगतात. खोलीत टेबलाभोवती आठ-दहा गलेलठ्ठ गृहस्थ बसलेले असतात. बोर्ड म्हणजे काय, हे त्या पोराला कुणी कधी सांगितलेलेच नसते. फळीसारखे म्हणून त्याला एक टेबल तेवढे दिसते. तो त्या टेबलापुढेच मान लववतो.

वाचताना त्या अजाण पोराची दया येते. पण शब्दाचा इतिहास पाहिला तर ऑलिव्हर चुकलेला नव्हता. १८३४ च्या कायद्याने इंग्लंडमध्ये गरिबांसाठीची श्रमगृहे चालवायला जी मंडळे नेमली गेली, त्यांना 'बोर्ड' हे नाव टेबलावरून मिळाले होते आणि टेबलाला ते मिळाले होते लाकडाच्या साध्या फळीवरून.

मराठी माणसाच्या तोंडी हा शब्द दिवसातून किती वेळा येतो, याचा हिशेब ठेवणे अवघड आहे. दुकानावर बोर्ड असतो, एस.टी.ला बोर्ड असतो, भिंतीवर दिव्याच्या बटणांचा बोर्ड असतो. मुलगी यंदा बोर्डाला बसलेली असते, आजोबा बोर्डिंगात राहून शिकलेले असतात आणि वीज गेली की अजूनही कुणीतरी 'बोर्डात फोन लाव' म्हणतो. हे सारे अर्थ एकाच फळीतून निघाले. फळी आडवी टाकली की टेबल झाले, उभी केली की पाटी झाली, जहाजाला ठोकली की त्याची कड झाली. हजार वर्षांच्या या इतिहासात एक प्रश्न मात्र सतत डोकावतो: या फळीभोवती कुणाला जागा मिळाली आणि कुणाला नाही?

जुन्या इंग्रजीत हा शब्द 'बोर्द' असा होता. फळी, टेबल, जहाजाची बाजू हे अर्थ तेव्हाच त्यात होते. त्या काळच्या काव्यांत ढालीलाही बोर्द म्हटले आहे, कारण ढाली लाकडी फळ्यांच्याच असत. इथे संस्कृतच्या अभ्यासकाला 'फलक' आठवल्याशिवाय राहणार नाही. फलक म्हणजे फळी, फलक म्हणजे ढाल आणि फलक म्हणजे सोंगट्यांचा पटसुद्धा. दोन दूरच्या संस्कृतींनी एकाच लाकडाकडे सारख्याच नजरेने पाहिले होते. १०८६ साली विल्यम राजाच्या हुकमाने इंग्लंडची जी मोठी मोजणी झाली, तिच्या दप्तरात 'बोर्दारी' नावाचा कुळांचा एक वर्ग सापडतो. तुटपुंजी जमीन आणि फळ्यांची झोपडी एवढीच त्यांची मालमत्ता होती. त्यांचे नावही फळीवरूनच आले.

समुद्रावर या शब्दाने वेगळाच संसार थाटला. नॉर्वेत ओसेबर्ग इथे १९०४ साली एका दफन-टेकाडातून नवव्या शतकातले अख्खे जहाज बाहेर काढले गेले. त्याचे सुकाणू मागच्या बाजूला मधोमध नसून उजव्या कडेला बांधलेले आहे. बहुतेक माणसे उजव्या हाताची असल्याने त्या काळी सुकाणूचे मोठे वल्हे उजवीकडेच असे. म्हणून जहाजाची उजवी बाजू ती 'स्टिअर-बोर्ड', म्हणजे सुकाणूची कड. पुढे तिचे 'स्टारबोर्ड' झाले. आकाशातल्या ताऱ्याशी तिचा काही संबंध नाही. सुकाणू धक्क्यावर आपटून मोडू नये म्हणून बंदरात जहाजाची डावी बाजू धक्क्याला लावत आणि माल तिकडून चढवत. त्या बाजूला 'लारबोर्ड' म्हणू लागले. वादळात ओरडून दिलेल्या हुकमात स्टारबोर्ड आणि लारबोर्ड यांचा घोटाळा होई आणि त्यात जहाज खडकावर जाण्याचा धोका असे. अखेर १८४४ मध्ये ब्रिटिश नौदलाने हुकूम काढून लारबोर्ड शब्द बाद केला आणि डाव्या बाजूला 'पोर्ट' हे नाव कायम केले.

शत्रूच्या जहाजाला आपले जहाज भिडवून, त्याची कड ओलांडून आत उड्या टाकणे याला 'बोर्डिंग' म्हणत. तलवारी उपसून केलेल्या त्या चढाईचे क्रियापद आज विमानतळावरच्या बोर्डिंग पासवर सुखाने नांदते आहे.

जमिनीवर मात्र फळीचे मुख्य काम जेवणाचे होते.

मध्ययुगीन इंग्लंडमधल्या सरदाराच्या वाड्यात एक मोठा दिवाणखाना असे. तिथेच दरबार भरे, तिथेच जेवणे होत आणि रात्री नोकरचाकर तिथेच अंग टाकत. कायमचे टेबल ठेवायला जागा परवडत नसे. जेवणाची वेळ झाली की लाकडी घोड्या मांडायच्या, त्यांवर लांब फळ्या टाकायच्या, वर कापड अंथरायचे आणि जेवण उरकले की सगळे उचलून भिंतीला लावून ठेवायचे. त्यामुळे 'बोर्ड' म्हणजे टेबल आणि टेबल म्हणजे अन्न, असा अर्थ घट्ट होत गेला. केंट परगण्यातल्या पेन्सहर्स्ट प्लेस या वाड्यात चौदाव्या शतकातला असा दिवाणखाना आजही उभा आहे. पेले मांडून ठेवायची फळी ती 'कप-बोर्ड'. सुरुवातीला तिला दारे नव्हती, ते एक उघडे टेबल होते आणि चांदीची भांडी पाहुण्यांना दिसावीत एवढाच त्याचा हेतू होता. आज मराठी घरातले कपबोर्ड कुलूपबंद असते.

महाराष्ट्रातल्या वाड्यांतही जेवणाशी फळीचे नाते होते, फक्त तिची जागा वेगळी. इथे पान जमिनीवर मांडले जाई आणि फळी बसायला असे. ती फळी म्हणजे पाट. 'पाटपाणी झालं का?' हा प्रश्न म्हणजे जेवणाची तयारी झाली का, हा प्रश्न. इंग्रज फळीवर जेवला, मराठी माणूस फळीवर बसून जेवला. दोघांनीही जेवणाला तिचेच नाव दिले.

दोन्हीकडे आणखी एक साम्य होते आणि ते सुखावह नाही. इंग्रजी दिवाणखान्यात धन्याचे टेबल एका टोकाला चौथऱ्यावर असे आणि बाकीचे खाली, मानाप्रमाणे दूर दूर बसत. टेबलावरच्या मिठाच्या मोठ्या भांड्याच्या अलीकडे कोण आणि पलीकडे कोण, यावर माणसाची पायरी ठरे. ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या महाविद्यालयांत अध्यापकांचे ते उंच 'हाय टेबल' अजून टिकून आहे. महाराष्ट्रात पायरी पंगतीने ठरे. पंक्तीला कोण बसेल, कोण वेगळ्या पंक्तीला आणि कोण अंगणाबाहेर, हे जन्मानेच ठरलेले असे. पंक्तिभेदाचा हा काच इंग्रजी मिठाच्या भांड्यापेक्षा कितीतरी जाचक होता, कारण मिठाच्या भांड्यापलीकडच्या माणसाला निदान त्याच फळीवर जेवता येई.

फळी म्हणजे अन्न हा अर्थ इंग्रजी कायद्यातही शिरला. चर्चची न्यायालये नवरा-बायकोला 'अंथरूण आणि बोर्ड' यांपासून विभक्त करत. म्हणजे एकत्र राहायचे नाही, एकत्र जेवायचे नाही, पण लग्न मात्र कायम. त्यामुळे वेगळ्या झालेल्या स्त्रीला दुसरे घरही मांडता येत नसे. पूर्ण घटस्फोट देणारे दिवाणी न्यायालय १८५७ च्या कायद्याने आले. तोवर त्यासाठी संसदेत खास कायदा करून घ्यावा लागे आणि तो खर्च फक्त श्रीमंतांना झेपे.

जेवणाच्या फळीवरून भांडी उचलली की तिच्यावर हिशेबाच्या वह्या येत. सत्तेच्या टेबलाचा उगम तिथे आहे. बाराव्या शतकात, दुसऱ्या हेन्रीच्या काळात, इंग्लंडच्या राजाचा वसूल मोजायचे टेबल कसे होते, याचे वर्णन त्याचा खजिनदार रिचर्ड फिट्झनील याने लिहून ठेवले आहे. सुमारे १० फूट लांब, ५ फूट रुंद, सोंगट्या घरंगळू नयेत म्हणून चार बोटे उंचीची कड आणि वर रेघा आखलेले काळे कापड. परगण्यांचे अधिकारी वसूल घेऊन येत आणि कापडाच्या रकान्यांत सोंगट्या सरकवून त्यांचा हिशेब लागे. ते टेबल बुद्धिबळाच्या पटासारखे दिसे, म्हणून त्या खात्याला 'एक्सचेकर' हे नाव पडले. ब्रिटनचा अर्थमंत्री आजही एक्सचेकरचा चॅन्सलरच म्हणवतो. राजवाड्याच्या खासगी खर्चाचा हिशेब दुसऱ्या एका टेबलावर होई. त्यावर हिरवी बनात अंथरलेली असे, म्हणून त्या मंडळाचे नाव 'बोर्ड ऑफ ग्रीन क्लॉथ'.

मग बोर्डांची रीघ लागली. १६९६ मध्ये व्यापारासाठी बोर्ड ऑफ ट्रेड निघाले. नौदलाचे बोर्ड लंडनला ज्या खोलीत बसे, तिच्या भिंतीवर वाऱ्याची दिशा दाखवणारी तबकडी होती. छपरावरच्या वातकुक्कुटाला जोडलेली. खोलीत बसून नौदलाच्या अधिकाऱ्यांना कळे की आपली जहाजे आज निघू शकतील की नाही. १७८४ साली पंतप्रधान पिटच्या कायद्याने ईस्ट इंडिया कंपनीवर देखरेख करणारे बोर्ड ऑफ कंट्रोल नेमले गेले. ते १८५८ पर्यंत चालले. पेशवाई याच मुदतीत बुडाली. खडकीची लढाई, साताऱ्याची गादी, एल्फिन्स्टनची व्यवस्था या सगळ्यांचे कागद शेवटी त्या टेबलावर जात. ज्या मुलखाचे भवितव्य तिथे ठरत होते, त्या मुलखातला एकही माणूस त्या टेबलापाशी नव्हता.

मुंबईत ती जागा प्रथम मिळाली शिक्षणाच्या निमित्ताने. १८४० मध्ये मुंबई सरकारने बोर्ड ऑफ एज्युकेशन स्थापन केले. सात सभासदांपैकी तिघे हिंदी होते: जगन्नाथ (नाना) शंकरशेट, फ्रामजी कावसजी आणि महंमद इब्राहिम मकबा. १८४३ पासून अर्स्किन पेरी हे न्यायाधीश अध्यक्ष होते. उच्च शिक्षण इंग्रजीतूनच द्यावे, असा त्यांचा आग्रह. नाना शंकरशेटांनी १८४७ मध्ये आपले मत लेखी नोंदवले: सामान्य लोकांपर्यंत ज्ञान पोहोचवायचे तर ते त्यांच्याच भाषेतून द्यावे लागेल. तिन्ही हिंदी सभासद आणि बोर्डावरचेच कर्नल जर्विस एका बाजूला, पेरी दुसऱ्या बाजूला, असा हा वाद बराच चालला. मुंबई इलाख्यात मातृभाषेतून शिक्षणाची बाजू सरकारी दप्तरात भक्कमपणे नोंदली गेली, याचे श्रेय त्या टेबलाशी मिळालेल्या तीन खुर्च्यांना आहे.

पुढे खुद्द इंग्लंडमध्येही फळीभोवतीची गर्दी बदलत होती. १८७० च्या शिक्षण कायद्याने गावोगाव निवडून आलेली स्कूल बोर्डे आली. स्त्रियांना संसदेसाठी मत देता येत नव्हते, पण स्कूल बोर्डाच्या निवडणुकीला उभे राहता येत होते. नोव्हेंबर १८७० मध्ये लंडनच्या पहिल्या बोर्डावर डॉक्टर एलिझाबेथ गॅरेट आणि एमिली डेव्हिस या दोघी निवडून आल्या आणि गॅरेटबाईंना तर लंडनभरच्या सगळ्या उमेदवारांत सर्वाधिक मते पडली. बड्या पुरुषांच्या टेबलाशी स्त्रीला खुर्ची मिळाली ती गावच्या शाळेच्या वाटेने.

महाराष्ट्राच्या खेड्यांत हा शब्द पोहोचला तोही शाळेच्याच वाटेने. लॉर्ड रिपन यांच्या १८८२ च्या ठरावानंतर, १८८४ च्या मुंबई लोकल बोर्ड कायद्याने जिल्हा आणि तालुका लोकल बोर्डे उभी राहिली. रस्ते, दवाखाने, धर्मशाळा, विहिरी आणि प्राथमिक शाळा त्यांच्याकडे आल्या. मताचा हक्क मालमत्तेवर असल्याने बोर्डात बसणारे बहुतेक इनामदार, सावकार, वकील असत. तरीही 'लोकल बोर्डाची शाळा' आणि 'लोकल बोर्डाचा दवाखाना' हे शब्द कुणब्याच्या घरात रुजले. १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा आल्या आणि लोकल बोर्डे इतिहासजमा झाली, पण जुन्या पिढीच्या तोंडून ते नाव पुढेही बरीच वर्षे गेले नाही.

फळी उभी केली की तिचे काम बदलते. तिच्याभोवती बसायचे नसते, तिच्याकडे पाहायचे असते. सतराव्या-अठराव्या शतकातल्या लंडनमध्ये घरांना क्रमांक नव्हते आणि अनेकांना वाचता येत नव्हते. म्हणून प्रत्येक दुकानावर रंगवलेली, लोखंडी कमानीला टांगलेली अवजड पाटी असे. कुठे सिंह, कुठे मासा, कुठे सोन्याचा गोळा. दुकानदारांच्या चढाओढीत त्या इतक्या मोठ्या झाल्या की रस्त्यात ऊन पडेना. १७१८ मध्ये ब्राइड लेनमधली अशीच एक पाटी घराच्या दर्शनी भिंतीसकट कोसळली आणि चार माणसे दगावली. १७६० च्या दशकात कायद्याने टांगत्या पाट्या काढून भिंतीला सपाट लावायला भाग पाडले गेले आणि त्यानंतर घरांना क्रमांक देण्याची पद्धत रूढ झाली.

पाटी कुणासाठी लिहायची, हा प्रश्न महाराष्ट्रात अजून ताजा आहे. दुकानांच्या पाट्या मराठीत असाव्यात, हा नियम जुनाच, पण पळवाटा भरपूर. २०२२ मध्ये राज्याने कायदा दुरुस्त करून लहान दुकानांनाही तो लागू केला आणि मराठी अक्षरे इतर लिपीपेक्षा लहान नसावीत, असे बजावले. सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दुकानदारांना त्यासाठी दोन महिन्यांची मुदत दिली. ज्या रस्त्यावरून मराठी माणूस चालतो, त्या रस्त्यावरच्या फळीवर त्याच्या लिपीला जागा असलीच पाहिजे. ही मागणी न्याय्य आहे.

शाळेतली काळी फळी वयाने त्या मानाने लहान. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी एडिंबरोतल्या हायस्कूलचे रेक्टर जेम्स पिलन्स भूगोल शिकवायला मोठा काळा फळा आणि रंगीत खडू वापरत. त्याआधी प्रत्येक मुलाच्या हातात स्वतंत्र पाटी असे आणि गुरुजींना एकेकाजवळ जाऊन शिकवावे लागे. आपल्याकडच्या पंतोजींच्या शाळेत पोरे धूळपाटीवर बोटाने अक्षरे गिरवत. भिंतीवरच्या फळ्याने एकाच वेळी चाळीस मुलांना एकच नकाशा दाखवला. मराठीने इथे 'ब्लॅकबोर्ड' घेतला नाही. 'फळा' हा आपला शब्द समर्थ होता आणि तोच टिकला.

विजेच्या युगातही लाकूड सुटले नाही. जानेवारी १८७८ मध्ये अमेरिकेत न्यू हेवन इथे पहिले व्यावसायिक टेलिफोन केंद्र सुरू झाले. जॉर्ज कॉय यांनी त्याचा स्विचबोर्ड लाकडी फळीवर गाडीचे बोल्ट आणि तारांचे तुकडे जोडून घरच्या घरी बनवला होता. २१ ग्राहक होते. चारच वर्षांत, १८८२ मध्ये, मुंबईत टेलिफोन केंद्र उघडले. रेडिओचे वेड लागलेली मुले पाव कापायची स्वयंपाकघरातली फळी उचलून तिच्यावर खिळे ठोकून मंडल जोडत. म्हणून अभियांत्रिकीच्या प्रयोगशाळेतली छिद्रांची पांढरी पट्टी अजून 'ब्रेडबोर्ड' म्हणवते. व्हिएन्नाहून लंडनला आलेल्या पॉल आयस्लर यांनी १९३० च्या दशकात तारांऐवजी तांब्याचा पातळ थर छापून सर्किट बनवायची युक्ती काढली आणि प्रत्येक मोबाइलच्या पोटातली हिरवी पट्टी तिथून आली. घोड्याच्या टापांनी उडणारा चिखल गाडीवानाच्या अंगावर येऊ नये म्हणून बसवलेली फळी ती 'डॅशबोर्ड'. मोटारीत तिच्यावर काटे आणि दिवे आले, आता ती संगणकाच्या पडद्यावर आकडे दाखवते.

इंग्रजी वाक्प्रचारांतही फळीच आहे. जुगाऱ्याचे दोन्ही हात टेबलाच्या वर, सगळ्यांना दिसतील असे असले की व्यवहार 'अबव्ह बोर्ड', म्हणजे स्वच्छ. नकाशा फसला की पुन्हा 'ड्रॉइंग बोर्ड'कडे वळायचे. तो प्रयोग १९४१ मध्ये 'न्यूयॉर्कर' साप्ताहिकात पीटर आर्नो यांच्या व्यंगचित्रामुळे लोकप्रिय झाला.

मराठीने या शब्दाला आपले असे अर्थही दिले. कॅरममध्ये 'बोर्ड' म्हणजे खेळायची फळी आणि एक डावही. २५ गुण किंवा आठ बोर्ड झाले की गेम संपतो. भारतीय क्रिकेटची सूत्रे डिसेंबर १९२८ मध्ये स्थापन झालेल्या 'बोर्ड ऑफ कंट्रोल'कडे आहेत. कंपनी सरकारवर देखरेख करणाऱ्या त्या जुन्या मंडळाचे नाव आता धावा आणि बळींच्या जगात ऐकू येते. राज्याचे माध्यमिक शिक्षण मंडळ १ जानेवारी १९६६ पासून अस्तित्वात आले आणि 'बोर्डाची परीक्षा' हा घरोघरचा धसका झाला. 'पोरगा बोर्डात आला' म्हणजे गुणवत्ता यादीत झळकला. ती यादी बंद झाली तरी वाक्य शिल्लक आहे. १९६० मध्ये स्थापन झालेले राज्य वीज मंडळ जून २००५ मध्ये वेगवेगळ्या कंपन्यांत विभागले गेले, तरी खांबावर चढणारा वायरमन लोकांच्या लेखी अजून बोर्डाचाच माणूस आहे. नाट्यगृहाच्या दारावर 'हाऊसफुल्ल'चा बोर्ड लागला की रंगमंचावरच्या नटाचे अंग शहारते.

पण या शब्दाचा सर्वांत मोलाचा मराठी अवतार आहे 'बोर्डिंग'.

इंग्लंडात 'बोर्डर' म्हणजे दुसऱ्याच्या टेबलावर पैसे देऊन जेवणारा. खोलीचे ते लॉजिंग, जेवणाचे ते बोर्डिंग. मुंबई-पुण्यात हा मूळ अर्थ खाणावळींच्या नावांत जपला गेला. माटुंगा स्टेशनाजवळचे १९४२ पासूनचे रामा नायक यांचे उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग किंवा पुण्याच्या टिळक रस्त्यावरची बादशाही बोर्डिंग ही ठिकाणे ओळखली जातात ती जेवणासाठीच. बाकी महाराष्ट्रात मात्र बोर्डिंग म्हणजे गरीब विद्यार्थ्याचे वसतिगृह. हा अर्थ घडवला कोल्हापूरने.

खेड्यातला मुलगा कोल्हापुरात शिकायला आला तर त्याने जेवायचे कुठे? ब्राह्मण मुलाला वार लावून जेवता येई. आठवड्याचे सात दिवस सात घरी. इतर जातींच्या मुलांना ती सोय नव्हती. राजर्षी शाहू महाराजांनी ओळखले की शाळा फुकट केली तरी ताटाचा प्रश्न सुटल्याशिवाय बहुजनांचे मूल शाळेत टिकणार नाही. सर्व जातींसाठी एकच वसतिगृह चालवण्याचा प्रयत्न त्यांनी १८९६ मध्ये करून पाहिला होता. पण तिथे उच्चवर्णीयांचाच भरणा झाला. म्हणून १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघाले. त्याच वर्षी जैन बोर्डिंग, १९०६ मध्ये मुस्लिम बोर्डिंग, १९०८ मध्ये अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग आणि पाठोपाठ लिंगायत, शिंपी, सोनार, सारस्वत, ख्रिस्ती अशी कितीतरी. महाराजांनी जागा दिल्या, जमिनी दिल्या, वार्षिक अनुदाने बांधून दिली. कोल्हापूरच्या दसरा चौकाच्या आसपास यातल्या अनेक इमारती आजही उभ्या आहेत.

जातवार वसतिगृहे काढून जात घट्ट होईल, असा आक्षेप तेव्हाही घेतला गेला. तो अगदीच निराधार नव्हता. पण ज्या समाजाला शिक्षणाच्या पंगतीत पाटच मांडलेला नव्हता, त्याला आधी स्वतःचा पाट मिळणे गरजेचे होते. पुढचे पाऊल याच बोर्डिंगातून निघालेल्या एका मुलाने टाकले.

कुंभोजचे भाऊराव पाटील कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगात राहत. त्यांच्या चरित्रकारांनी नोंदवलेला प्रसंग असा: १९०८ मध्ये ते मिस क्लार्क बोर्डिंगच्या समारंभाला गेले. परतल्यावर विटाळ जावा म्हणून अंघोळ करून मगच जेवायला यायचे, असे त्यांना बजावले गेले. भाऊरावांनी नकार दिला आणि त्यांना बोर्डिंग सोडावे लागले. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कऱ्हाडजवळच्या काले गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातिधर्मांच्या मुलांसाठी एकच बोर्डिंग सुरू केले. १९२७ मध्ये महात्मा गांधी तिथे आले आणि 'छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस' असे त्याचे नामकरण झाले. मुले स्वतः दळत, स्वयंपाक करत, भांडी घासत आणि एकाच पंगतीत जेवत. मांग, मराठा, मुसलमान, जैन, महार मुलांची ताटे शेजारी शेजारी मांडलेली. त्या मुलांच्या पोटाला कमी पडू नये म्हणून भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. शेवटी मंगळसूत्रही दिले.

सातशे वर्षांपूर्वीच्या इंग्रजी वाड्यातल्या फळीने माणसांना पायरीप्रमाणे बसवले होते. लंडनच्या बोर्ड ऑफ कंट्रोलने तर आमच्या माणसाला टेबलाजवळही येऊ दिले नव्हते. त्याच शब्दाचे नाव घेऊन साताऱ्याच्या त्या बोर्डिंगाने पंक्तिभेद मोडला. बोर्ड या शब्दाच्या सगळ्या अर्थांत हा अर्थ श्रेष्ठ आहे आणि तो मराठी भूमीत घडला, ही अभिमानाची गोष्ट आहे.

हा इतिहास लेखी फार थोडा उरला आहे. राजपत्रे, अहवाल, अनुदानाचे आकडे मिळतात. पण त्या पंगतीत कोण कुणाशेजारी बसले, भाकरी कुणी थापली, आमटीत पाणी किती होते, सुटीत घरी गेल्यावर आईने काय विचारले, हे ज्यांना आठवते ती पिढी वेगाने जाते आहे. ज्यांच्या घरात बोर्डिंगात शिकलेले आजोबा, काका किंवा शेजारी आहेत, त्यांनी त्यांच्या आठवणी आजच लिहून घ्याव्यात, आवाजात साठवाव्यात आणि जवळच्या ग्रंथालयात किंवा त्या संस्थेच्या दप्तरात नेऊन द्याव्यात. संस्थांनीही जुनी प्रवेशपुस्तके, किराणा-हिशेबाच्या वह्या आणि पटांची रजिस्टरे रद्दीत न घालता जपावीत.